मेन्यूत नसलेला पर्याय

संगणकाचे पहिले धडे गिरवणाऱ्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये एक प्रोग्रॅम हमखास सापडतो. डिप्लोमा असो, बीसीए असो, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स असो की इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष, 'स्विच केस वापरून मेन्यू-ड्रिव्हन प्रोग्रॅम लिहा' या प्रश्नातून सहसा कोणी सुटत नाही. काळ्या पडद्यावर पाच ओळी उमटतात: 1 बेरीज, 2 वजाबाकी, 3 गुणाकार, 4 भागाकार, 5 बाहेर पडा. खाली 'एंटर युवर चॉइस'. आकडा टाकला की स्विच तो पाहून नेमक्या केसवर जातो, तिथले काम होते आणि ब्रेक आला की बाहेर पडतो. पुढे डेटा स्ट्रक्चर्स शिकताना बेरीज-वजाबाकीच्या जागी पुश, पॉप आणि डिस्प्ले येतात, सांगाडा तोच. मोबाइल ॲपच्या जमान्यात हे काळ्या पडद्यावरचे मेन्यू कशाला शिकवायचे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हा प्रश्न अभ्यासक्रमात राहायला हवा असे वाटते. तक्रार आहे ती गुण कशाला मिळतात याबद्दल. चार केस ओळीने लिहिणे हा या प्रोग्रॅमचा सर्वांत सोपा भाग, आणि गुण त्यालाच मिळतात. मेन्यूत नसलेले काही वापरणाऱ्याने मागितले तर काय करायचे, हा खरा शिकण्याचा भाग. तो 'डीफॉल्ट' नावाच्या शेवटच्या ओळीत 'राँग चॉइस' छापून उरकला जातो, किंवा तेवढेही होत नाही.

हे किती महागात पडते ते पाहायला त्याच बेरीज-वजाबाकीच्या प्रोग्रॅमसमोर बसावे. सी भाषेत आकडा वाचण्यासाठी स्कॅनएफ वापरतात आणि त्याला 'पूर्णांक वाच' असे सांगितलेले असते. आता दोनऐवजी चुकून 'ए' हे अक्षर दाबले. स्कॅनएफला अक्षर दिसते, पूर्णांक दिसत नाही. तो काहीही न वाचता परत येतो. ते अक्षर मात्र तिथेच, इनपुटच्या रांगेत, उभे राहते. चॉइस नावाच्या चलात आधीच्या फेरीतला आकडा तसाच असतो. स्विच इमानेइतबारे त्या शिळ्या आकड्याचे काम पुन्हा करतो, लूप मेन्यू पुन्हा छापतो, स्कॅनएफ पुन्हा रांगेकडे बघतो, आणि तिथे तेच 'ए' उभे असते. पडद्यावर मेन्यू धो धो वाहू लागतो आणि प्रोग्रॅम बळाने बंद केल्याशिवाय थांबत नाही. प्रॅक्टिकलच्या वेळी असे झाले की 'हँग झाला' म्हणून मशीन बदलून दिले जाते. खरे म्हणजे काहीही हँग झालेले नसते. सांगितलेले काम संगणक तंतोतंत करत असतो. 'अडीच' अशा अर्थाने 2.5 टाकले तरी हेच होते. दोन उचलला जातो, वजाबाकीची केस सुरू होते, आणि उरलेला '.5' पुढच्या प्रत्येक वाचनाच्या वाटेत आडवा पडतो. यात डीफॉल्टची ओळ लिहिली असली तरी ती वाचवतेच असे नाही, कारण चॉइसमधला शिळा आकडा पूर्णपणे वैध असतो. म्हणजे मेन्यूबाहेरच्या मागणीचा विचार स्विचच्याही आधी, वाचतानाच सुरू करावा लागतो. स्कॅनएफ किती गोष्टी वाचू शकला हे तो स्वतः परत सांगतो. ते उत्तर तपासून रांगेत अडकलेला मजकूर काढून टाकणे, किंवा सरळ अख्खी ओळ मजकूर म्हणून वाचून मग तिचा आकडा करणे, हे दोन्ही उपाय पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहेत.

मराठी वाचकाच्या जवळची आणखी एक गंमत. देवनागरी कळफलकावरून कोणी '२' टाकला तर? सीच्या नेहमीच्या मांडणीत स्कॅनएफला तो आकडा वाटतच नाही आणि वर सांगितलेले रामायण पुन्हा घडते. पायथॉनमध्ये मात्र तोच '२' आकड्यात बदलायला सांगितला तर तो बिनबोभाट 2 होतो, कारण त्या भाषेने युनिकोडमधले इतर लिप्यांचे अंकही अंक म्हणून मान्य केले आहेत. कोणत्या लिपीतला दोन हा दोन मानायचा, हे कोणीतरी आधी बसून ठरवलेले असते. आपल्या वर्गात हा प्रश्न निघतच नाही, कारण मेन्यू इंग्रजीत, आकडे इंग्रजीत, आणि तपासणाऱ्या बाईही मेन्यूतलेच आकडे टाकून बघतात.

स्विचची स्वतःची घडणही या बेपर्वाईला थोडी जबाबदार आहे. बीसीपीएल ही भाषा, तिच्यातून बी आणि बीमधून डेनिस रिची यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी, अशी ही परंपरा. सीमध्ये केसच्या शेवटी ब्रेक लिहिला नाही तर अंमल थांबत नाही, खालच्या केसमध्ये घरंगळतो. म्हणून ब्रेक विसरलेला विद्यार्थी बेरीज मागतो आणि त्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार असे चारही मिळतात. हे घरंगळणे मुद्दाम हवे असते का? पीटर व्हॅन डर लिंडेन यांनी सी भाषेवरच्या 1994च्या आपल्या पुस्तकात सन कंपनीच्या सी कंपायलरचा सोर्स तपासून आकडा दिला आहे: 244 स्विच विधानांतल्या सर्व केसपैकी फक्त 3 टक्क्यांत ते हवे होते. उरलेल्या 97 टक्क्यांत प्रोग्रॅमरला आठवणीने ब्रेक लिहावा लागत होता. भाषेने गृहीत धरलेली गोष्ट इतकी क्वचित लागत असेल तर गृहीतक चुकले, असेच म्हणावे लागेल, आणि पुढच्या भाषांनी ते मान्यही केले. सी शार्पमध्ये काम असलेली केस अशी मोकळी सोडली तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. गो आणि स्विफ्टमध्ये घरंगळायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते. जावाने 2020 साली बाणाची नवी मांडणी पक्की केली, तीत ब्रेकची गरजच नाही. लिनक्स कर्नलमध्ये 2019 साली 5.3 या आवृत्तीपासून याबद्दलचा कंपायलरचा इशारा सरसकट सुरू झाला. त्याआधी असंख्य जागा एकेक करून तपासाव्या लागल्या आणि त्यात काही खऱ्या चुकाही हाती लागल्या.

याच ब्रेकचे सर्वांत गाजलेले प्रकरण 15 जानेवारी 1990चे आहे. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे त्या दुपारी कोलमडले आणि सुमारे नऊ तास लंगडत राहिले. न्यूयॉर्कमधल्या एका स्विचिंग यंत्रात बारीकसा बिघाड झाला. ते ठरल्याप्रमाणे काही सेकंद बाजूला झाले, सावरले आणि शेजारच्या यंत्रांना 'मी परत आलो' असे कळवून कॉल पाठवू लागले. शेजारी ती नोंद करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत दुसरा संदेश येऊन थडकला, तर काय करायचे याचा कोड काही आठवड्यांपूर्वीच्या सुधारणेत बदलला होता. त्यात एका स्विचच्या केसमध्ये इफ होता आणि त्या इफच्या आत ब्रेक. ब्रेक इफमधून बाहेर काढत नाही, अख्ख्या स्विचमधून काढतो. मधले काम राहून गेले, माहिती बिघडली आणि शेजारचे यंत्रही स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागले. मग त्याचा शेजारी, मग त्याचा. एकूण 114 यंत्रांमध्ये हे लोण पसरले. हे उदाहरण सहसा 'ब्रेक जपून वापरा' एवढे सांगण्यासाठी दिले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चूक रोजच्या वाटेवर नव्हती. साधा कॉल आला, जोडला, संपला, हे लाखो वेळा सुरळीत होत होते. यंत्र आजारातून उठतेय आणि त्याच क्षणी कोणीतरी पुन्हा हाक मारतेय, अशा आडवाटेच्या प्रसंगासाठी लिहिलेला तो कोड होता. रोज चालणारी वाट रोज तपासली जाते. आडवाटेवर पहिले पाऊल संकटाच्या दिवशीच पडते.

मोटारींच्या सॉफ्टवेअरच्या जगाने हे केव्हाच ओळखले. सी भाषेसाठी मिस्रा नावाची नियमावली 1998पासून आहे. ब्रिटनमधल्या वाहन उद्योगातून ती निघाली आणि आज जगभर पाळली जाते. तिच्यात प्रत्येक स्विचला डीफॉल्ट असलाच पाहिजे असा नियम आहे, सगळ्या शक्यता केसमध्ये आल्यात अशी लिहिणाऱ्याची खात्री असली तरीही. त्या डीफॉल्टमध्ये काही कृती हवी, नाहीतर कृती का नाही याची नोंद हवी. पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या कंपन्या थोड्याथोडक्या नाहीत, आणि तिथल्या इंजिनिअरला ही नियमावली चांगलीच परिचयाची असते. त्याच इंजिनिअरने कॉलेजात मात्र डीफॉल्टविना लिहिलेल्या स्विचला पूर्ण गुण मिळवलेले असतात. कॉलेजात ज्याला ऐच्छिक मानले, त्याच्यावाचून नोकरीत कोड पुढे सरकत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला, कन्सोलच संपला. काळ्या पडद्याचा कन्सोल सामान्य माणसाच्या आयुष्यातून गेला हे खरे, पण आकडे दाबून निवडायचा मेन्यू कुठेही गेलेला नाही. ग्राहक सेवेच्या फोनवर तो आहे, आणि इंटरनेट नसलेल्या साध्या मोबाइलवरून बँक व्यवहार करायचा तर *99# डायल केल्यावर जो उघडतो तो शंभर टक्के मेन्यू-ड्रिव्हन प्रोग्रॅमच आहे: पैसे पाठवा, शिल्लक पाहा, प्रत्येकापुढे आकडा. राष्ट्रीय देयक महामंडळाची ही सेवा 2014च्या ऑगस्टमध्ये जनधन योजनेबरोबर देशाला अर्पण झाली आणि ती मराठीसह अनेक भाषांत चालते. ज्या यूएसएसडी तंत्रावर ती उभी आहे, त्यात एका संदेशात रोमन लिपीची जास्तीत जास्त 182 अक्षरे मावतात. देवनागरीत त्याच्या निम्मीही नाहीत. एवढ्याशा जागेत पर्याय सांगायचे, चुकले तर काय चुकले ते सांगायचे, आणि दूरसंचार कंपनीची वेळमर्यादा उलटायच्या आत माणसाला पुन्हा वाटेवर आणायचे. ही सेवा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडे दुसरे साधन बहुधा नसते. 'चुकीचा पर्याय' एवढे म्हणून सत्र तोडून टाकणारा प्रोग्रॅम अशा माणसाला सरकारी खिडकीवरच्या 'उद्या या'सारखाच वाटणार. ग्राहक सेवेच्या फोनवर आपली तक्रार दिलेल्या सहा पर्यायांपैकी एकातही बसत नाही आणि कोणताही आकडा दाबला की पुन्हा मूळ मेन्यू ऐकावा लागतो, याचा अनुभव नसलेला वाचक विरळाच. त्या मेन्यूच्या कोडमध्ये आज स्विच असेल की आणखी काही, याने फरक पडत नाही. मेन्यूत नसलेल्या गरजेसाठी वाट ठेवायची असते हे तो रचणाऱ्याला कधी कोणी शिकवले नाही, एवढे मात्र दिसते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि त्यात दम आहे. स्विच हे मेन्यूसाठी बरे साधनच नाही, असे ते म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी 1999च्या 'रीफॅक्टरिंग' या पुस्तकात वारंवार येणारे स्विच हे कोड नासत चालल्याच्या लक्षणांत धरले होते. मेन्यूच्या बाबतीत दुखणे असे: पर्यायांची यादी दोन ठिकाणी असते, एक पडद्यावर छापण्याच्या ओळींत आणि दुसरी केसमध्ये. सहावा पर्याय घालायचा ठरला की 'बाहेर पडा'चा पाच सहा होतो. एका जागी बदलला आणि दुसऱ्या जागी राहिला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण छापलेल्या मजकुरात 'बाहेर पडा'समोर कोणता आकडा आहे हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा आकडा, नाव आणि फंक्शन यांचा एकच तक्ता करावा, त्यातूनच मेन्यू छापावा आणि त्यातूनच काम बोलवावे. मोठ्या प्रोग्रॅमसाठी हे निर्विवाद बरे. पण तक्त्यातही न सापडलेल्या आकड्याचे काय, हा प्रश्न उरतोच. किंबहुना सीमध्ये तक्त्याच्या हद्दीबाहेरचा आकडा न तपासता वापरला तर स्विचपेक्षा वाईट घडते: स्विच निदान काहीच न करता पुढे जातो, तक्ता मेमरीतल्या भलत्याच जागी उडी मारायला लावू शकतो. म्हणून पाच पर्यायांच्या पहिल्या प्रोग्रॅमसाठी स्विचच चांगला, त्यात सगळ्या वाटा एका पानावर डोळ्यांसमोर राहतात. व्हायवात मात्र या कशाचीच चर्चा होत नाही. तिथला ठरलेला प्रश्न: स्विच वेगवान की इफ-एल्स? उत्तरही ठरलेले, स्विच, कारण कंपायलर त्याचा जंप टेबल करतो. आकडे लागोपाठ आणि पुरेसे असतील तर तो करतोही. पण आकडा दाबायला माणूस एक-दोन सेकंद घेतो, तेवढ्यात आजचा प्रोसेसर अब्जावधी सूचना उरकतो. पाच पर्यायांच्या मेन्यूत वेगाचा मुद्दा काढणे ही निव्वळ घोकंपट्टी आहे.

तिसरा आक्षेप माझ्या मूळ म्हणण्यालाच हात घालतो. डीफॉल्ट सगळीकडे लिहू नका, त्याने चुका झाकल्या जातात, असे सांगणारे अनुभवी प्रोग्रॅमर आहेत. त्यांचे म्हणणे असे की किमती नावाने ठरवून ठेवल्या असतील, म्हणजे सीच्या भाषेत एनम असेल, आणि नंतर कोणी त्यात नवे नाव घातले, तर जीसीसीसारखा कंपायलर 'या नावासाठी केस नाही' असा इशारा देऊ शकतो. डीफॉल्ट लिहिलेला असला की हा इशारा गप्प होतो. हे बरोबर आहे, आणि प्रोग्रॅमच्या आतल्या आत फिरणाऱ्या किमतींसाठी मी ते मान्य करतो. तिथे सर्व शक्यता लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतात आणि त्यांतली एखादी सुटली तर ती त्याची चूक असते. मेन्यूवर येणारा आकडा बाहेरून येतो. तो माणूस टाकतो, आणि त्याची बोटे, त्याची लिपी, त्याची घाई किंवा त्याची खरीखुरी वेगळी गरज कोणत्याही एनममध्ये मावत नाही. किंमत आतली की बाहेरची, एवढा भेद जरी विद्यार्थ्याला या प्रोग्रॅममधून कळला, तरी पुढे वेबचा फॉर्म लिहिताना किंवा डेटाबेसला प्रश्न विचारताना त्याला ती समज कामी येईल. इंटरनेटवरच्या कितीतरी हल्ल्यांची सुरुवात बाहेरून आलेल्या मजकुरावर आतल्याइतकाच विश्वास टाकण्यातून झालेली आहे.

कोवळ्या विद्यार्थ्यावर एवढे ओझे कशाला, आधी केस-ब्रेक तरी नीट येऊ दे, असे शिक्षक म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे: तासिका मोजक्या, बॅच मोठ्या, सबमिशनची तारीख डोक्यावर. पण केस-ब्रेक तर आता येण्याचाही प्रश्न राहिलेला नाही. हा प्रोग्रॅम एआय साधनाकडे मागितला तर क्षणात मिळतो, बहुतेक वेळा डीफॉल्टसकट आणि नीट रांगा लावून. लिहिण्याचे श्रम संपले की उरते ते मिळालेला प्रोग्रॅम कुठे कोसळतो हे हुडकणे. त्यासाठी प्रोग्रॅमपेक्षा वापरणाऱ्याचा विचार करावा लागतो, आणि ते पहिल्या वर्षाला जड नाही. उलट मुलांना त्यात मजाच येते. शेजाऱ्याचा प्रोग्रॅम पाडून दाखवायला सांगा, अख्खी बॅच कामाला लागेल.

म्हणून बदल करायचा तो अभ्यासक्रमाच्या पुस्तकात करण्यापेक्षा गुणांच्या वाटणीत करावा. दहा गुणांचा प्रश्न असेल तर चार केस चालल्याचे चार गुण द्यावेत आणि उरलेले सहा परीक्षकाने स्वतः कळफलकावर बसून ठरवावेत. अक्षर टाकले तर प्रोग्रॅम पुन्हा नीट विचारतो का? नऊ टाकला तर उपलब्ध पर्याय कोणते ते सांगतो का? काहीच न टाकता एंटर दाबले तर? भागाकार निवडून दुसरी संख्या शून्य दिली तर? आणि ज्याने '२'चाही विचार केला असेल त्याला एखादा गुण वरचा द्यायला हरकत नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवी भाषा लागत नाही, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठकही बहुधा लागत नाही. स्विच वेगवान की इफ-एल्स, हे विचारून ठरलेले उत्तर ऐकण्यात परीक्षकाचा जेवढा वेळ जातो, तेवढ्यात या चार-पाच कळा दाबून होतात.